आधी वर्गात बसू द्या, कागदपत्रं नंतर बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून तोंडावर आलाय, ॲडमिशनं सुरू होतील आणि पाठोपाठ पाऊसही, म्हणून आत्ताच लिहितोय. पुरात नाहीतर भूकंपात ज्यांचं घरदार गेलं अशी कॉलेजची पोरं-पोरी मधल्याच वर्षात दुसऱ्या गावच्या कॉलेजच्या दारात येऊन उभी राहिली तर त्यांना बसू द्यायचं का, कुठल्या कागदावर बसू द्यायचं, याचं उत्तर ऑफिसच्या खिडकीवर बसलेल्या माणसाकडे तयार पाहिजे. ते नसतं. हे मी दोनदा बघितलंय, एकदा स्वतःच्या बाबतीत आणि आता 32 वर्षांनी भाचीच्या बाबतीत.

मी मूळचा औसा तालुक्यातला, किल्लारीपासून जवळच आमचं गाव. 1993 ला एफवायबीएस्सीला होतो, तिकडच्याच एका कॉलेजात. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गणपतीला घरी आलेलो, आणि येताना माझी पत्र्याची ट्रंक पण सोबत आणलेली कारण ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या पोरांना मिळणाऱ्या फी सवलतीचा फॉर्म भरायचा होता, त्याला तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला लागायचा, वडलांची सही लागायची, म्हणून दहावी-बारावीची मार्कशीटं, जातीचा दाखला, फी भरल्याची पावती सगळं त्या ट्रंकेत. विसर्जन करून उशिरा झोपलो आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे व्हायचं ते झालं. आमच्याकडची घरं दगड-मातीची, वर माळवद, म्हणजे लाकडावर जाडजूड मातीचा थर, उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून पिढ्यानपिढ्या लोक त्यावर माती टाकत आलेले, तीच माती झोपेत अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं जमीनदोस्त झाली, सरकारी आकड्यानं जवळपास 8 हजार माणसं गेली. त्यात आमची आजी होती आणि धाकटी काकू होती. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

ट्रंक आठव्या दिवशी सापडली. तुळईखाली चेपून सपाट झालेली, पहारीनं उचकटून काढली. भूकंपानंतर वरून पाऊस पण पडत होता, पाणी आत मुरलेलं, बारावीचं मार्कशीट हातात घेतलं तर त्याचे भिजलेल्या पापडासारखे तुकडे पडले. तेव्हा त्याचं काही वाटलंच नाही, माणसं गेली तिथं कागदाचं काय घेऊन बसायचं. कागदाची किंमत नंतर कळली.

आमचं कॉलेज बंदच होतं, वर्गांमध्ये मदतीचं धान्य आणि ताडपत्र्या रचलेल्या. वडील म्हणाले इथं पत्र्याच्या शेडमध्ये बसून तुझं वर्ष जाईल, तू मावशीकडे पिंपरीला जा. आलो. पुण्यातल्या पहिल्या कॉलेजात खिडकीवर सांगितलं, टीसी आणा, मायग्रेशन आणा, मग एलिजिबिलिटीचं बघू. मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ बदलायचा दाखला, त्यासाठी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात जा, तिथं अर्ज करा, त्याला ओरिजिनल मार्कशीट जोडा. आणि ओरिजिनल मार्कशीट तर पापड झालेलं. तो क्लार्क वाईट माणूस नव्हता, त्यानं मला चहा पाजला, पण म्हणाला बाळा माझ्या हातात काही नाही. पेपरात रोज आमच्या गावांचे फोटो येत होते, त्याच्या टेबलावर तो पेपर पडलेला होता, त्याला सगळं माहिती होतं, तरी त्याच्या हातात काही नव्हतं. त्याला दोष देत नाही. त्याच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे होतं, हेच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या कॉलेजात मावशीच्या शेजाऱ्यांनी नेलं. तिथल्या प्राचार्यांनी साध्या फुलस्केपवर लिहिलेला माझा अर्ज उभ्याउभ्या वाचला, दोनच प्रश्न विचारले, कुठल्या वर्षाला आहेस आणि जेवायची सोय काय, आणि अर्जाच्या कडेला पेनानं लिहिलं, "वर्गात बसू द्यावे. कागदपत्रे नंतर पाहू." खाली सही. एक प्रत ऑफिसला, एक माझ्या हातात. ती घडी खिशात घालून मी हिंडायचो, प्रॅक्टिकलला सर नाव विचारायचे, कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपटात, नाव नाही म्हणायचे, मी घडी उलगडून दाखवायचो. माझं नाव तिकडच्याच कॉलेजात राहिलं, फी तिकडेच, परीक्षेचा फॉर्म पण तिकडेच, इकडे फक्त वर्गात बसलो, प्रॅक्टिकलं केली, लायब्ररीचं कार्ड मिळालं. मार्चमध्ये त्या प्राचार्यांनी माझ्या कॉलेजला पत्र दिलं की हा मुलगा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे हजर होता, त्यानं एवढी प्रॅक्टिकलं केली, आणि त्या पत्रावर माझ्या टर्म ग्रँट झाल्या, म्हणजे हजेरी धरली गेली आणि परीक्षेला बसता आलं. दोन विद्यापीठांचा सिलॅबस वेगळा होता, फिजिक्सचे दोन चॅप्टर मला एकट्यानं करावे लागले, पण वर्ष वाचलं. आज मी एका कंपनीच्या क्यूसी म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या लॅबमध्ये आहे, त्याचं मूळ त्या एका ओळीत आहे.

किल्लारीच्या वेळी शिक्षणासाठी मोठी कामं झाली, ती विसरता येत नाहीत. शांतिलाल मुथांच्या भारतीय जैन संघटनेनं 1200 मुलं पुण्याला आणली, त्यांच्यासाठी वाघोलीला शाळा-वसतिगृह उभं केलं. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणांनी 'आपलं घर' उभं केलं. पण ती शाळेच्या वयाची लेकरं होती. 18-19 वर्षाच्या पोराकडे गाव वेगळ्या नजरेनं बघतं. तो ढिगारा उपसायला, पत्रे चढवायला, तहसीलला चकरा मारायला उपयोगी असतो, एका रात्रीत तो घरचा कर्ता होतो आणि त्याचं कॉलेज सुटलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्याबरोबर एफवायला आमच्या भागातले पाच जण होते, त्यातले तिघं परत कॉलेजला गेलेच नाहीत.

आता भाचीचं सांगतो. गेल्या वर्षी म्हणजे 2025 च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर भागात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवतोय, एनडीआरएफ आली, सैन्य आलं, परांड्याकडे हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. माझी मामेबहीण माढा तालुक्यात दिलेली आहे, सीना नदीच्या काठाला. रात्रीत पाणी घरात शिरलं, जनावरं सोडून दिली, माणसं शाळेच्या गच्चीवर. तिची मुलगी एसवायबीएस्सीला. चौथ्या दिवशी तिचा फोन लागला, पहिलं वाक्य, "मामा, जर्नलं गेली," म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या. मी म्हटलं जर्नलांचं सोड, तुम्ही कसे आहात, तर रडायलाच लागली. दिवाळीत गेलो तेव्हा बघितलं, केमिस्ट्रीचं जर्नल तिनं दोरीवर वाळत घातलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली, ती सुरीच्या टोकानं एकेक पान सोडवायला बघत होती आणि शाई या पानाची त्या पानावर उतरलेली. मला माझी ट्रंक आठवली.

मी पुण्यात तिच्यासाठी खटपट केली. एका कॉलेजात विचारलं की एक सेमिस्टर बसू द्या, ॲडमिशन नको, मार्क नको, फक्त लेक्चर आणि प्रॅक्टिकल. सगळे चांगलं बोलले, आमच्याकडूनही पूरग्रस्तांना किट गेलीत म्हणाले, पण शेवटी असा काही नियम नाही. हॉस्टेलला विचारलं, आमच्या कॉलेजची ॲडमिशन असेल तरच रूम. तिकडे तिच्या कॉलेजची अडचण वेगळी, हजेरी 75 टक्के पाहिजे, आणि रस्ता वाहून गेल्यानं एसटी गावात येत नव्हती. शेवटी दोन विषय राहिले, दोन्ही प्रॅक्टिकलचे. हुशार मुलगी आहे, याआधी एकही विषय राहिला नव्हता.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, परीक्षा फी माफीची सवलत असते ती मिळाली, एमपीएससीची 28 सप्टेंबरची पूर्वपरीक्षा 9 नोव्हेंबरवर ढकलली, ते फार बरं झालं, आमच्याकडच्या कितीतरी पोरांना त्या आठवड्यात गावातून बाहेरच पडता आलं नसतं. पण फी माफ करणं आणि परीक्षा पुढं ढकलणं यानं मधले दोन-तीन महिने भरून निघत नाहीत. ज्या घरात गाळ आहे, वीज नाही, पुस्तक नाही, तिथं परीक्षा महिनाभर पुढं गेली तरी अभ्यास कुठं बसून करायचा. पोराला दुसरीकडे बसायला जागा पाहिजे, एक बाक, एक कॉट, दोन वेळचं जेवण आणि लॅबमध्ये एक टेबल.

हे अशक्य नाही. अमेरिकेत 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळ आलं आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा तिथं मोठ्या प्रमाणावर हे केलं गेलं. तिथल्या टुलेन विद्यापीठात वादळाच्या दोन दिवस आधी, शनिवारी, नवीन पोरं सामान घेऊन हॉस्टेलला उतरत होती आणि त्यांना त्याच दिवशी सांगावं लागलं की परत जा. पुढचं सगळं सेमिस्टर विद्यापीठ बंद, 17 जानेवारी 2006 ला उघडलं. मधल्या काळात देशभरातल्या शेकडो कॉलेजांनी या पोरांना घेतलं, आणि घेताना एक शहाणपणाची गोष्ट केली, त्यांना कायमची ॲडमिशन न देता पाहुणे विद्यार्थी म्हणून बसवलं. ज्यांची फी मूळ कॉलेजात भरलेली होती त्यांच्याकडून बऱ्याच ठिकाणी पुन्हा फी घेतली नाही. मार्कशीट नसली तरी आधी बसा म्हणाले, कारण मूळ कॉलेजचं रेकॉर्ड ऑफिसच पाण्यात होतं. टुलेनचे मेडिकलचे वर्ग ह्युस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजात भरले. डिलार्ड नावाचं तिथलं कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ आहे, त्यांचा कॅम्पस इतका खराब झाला की जानेवारीत त्यांनी हिल्टन हॉटेलात वर्ग भरवले, पोरं राहायला पण तिथंच. आणि ज्यांना कुठंच जाता येत नव्हतं त्यांच्यासाठी बऱ्याच कॉलेजांनी मिळून ऑनलाइन कोर्स फुकट चालवले, ते पण 2005 साली, जेव्हा ऑनलाइन शिक्षण हा शब्द आपल्याकडे कुणी फारसा ऐकलेला नव्हता.

आता कुणी म्हणेल अमेरिकेचं सोडा, त्यांच्याकडे पैसा आहे. पण यातला मुख्य भाग पैशाचा नाहीच. आणि आपल्याकडेही अनुभव नाही असं नाही. 1990 नंतर काश्मीर खोऱ्यातून बाहेर पडावं लागलेल्या पंडितांच्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी जागा ठेवल्या, मंजूर जागांच्या वर जादा जागा, कुणाची सीट न काढता. त्या मुलांनी इथं शिकून आयुष्यं उभी केली. ते संकट माणसांनी आणलेलं होतं आणि हे निसर्गाचं, पण घर सोडून आलेल्या पोराला तो फरक काय करायचाय. काश्मीरच्या मुलांसाठी आपण मन मोठं केलं तसं माढा-परांड्याच्या मुलांसाठी पण करता येईल.

पाहुणा विद्यार्थी या शब्दावर मी मुद्दाम जोर देतोय. कारण उद्या कुणी उत्साहानं म्हणेल की पूरग्रस्त भागातली पोरं पुण्या-मुंबईच्या कॉलेजात कायमची घेऊ, आणि ते चांगलं दिसेलही, पण त्यानं तालुक्याचं कॉलेज मरेल. पोरं कमी झाली की वर्कलोड म्हणजे शिकवायचे तास कमी, वर्कलोड कमी झाला की तुकडी जाते, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आधी घरी जातात, त्यांच्याही घरात तेच पाणी शिरलेलं असतं. मग पुढच्या वर्षी गावातल्या मुलीनं शिकायचं कुठं. म्हणून नाव तिकडेच राहावं, फी तिकडेच, परीक्षा नंबर तिकडचाच, आणि इकडची हजेरी, इकडची प्रॅक्टिकलं, इकडचे इंटर्नल मार्क तिकडे धरले जावेत. माझ्या वेळी हे एका प्राचार्यांच्या पत्रावर झालं. आता तर विद्यार्थ्याचे क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणारी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा नंबर म्हणजे अपार आयडी आहे, डिजिलॉकरमध्ये मार्कशीट आहे, ट्रंक चेपली तरी मार्कशीट शाबूत राहतं. नवीन शैक्षणिक धोरणात एका संस्थेतले क्रेडिट दुसरीकडे धरायची सोय पण सांगितलेली आहे. मग ती सोय पहिल्यांदा कुणासाठी वापरायची, मला वाटतं ज्याचं घर वाहून गेलंय त्याच्यासाठी.

सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्याचं, धाराशिव-बीड संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे, लातूर-नांदेड स्वामी रामानंद तीर्थकडे, आणि ही पोरं जाणार पुणे विद्यापीठाच्या हद्दीत. पाणी जिल्हा बघून येत नाही. म्हणून हे एकट्या विद्यापीठानं करून भागणार नाही, चारही कुलगुरूंनी आणि उच्च शिक्षण विभागानं पावसाळ्याआधी बसून एक पानाचं परिपत्रक काढून ठेवावं. त्यात एवढंच असावं की ज्या गावाचा पंचनामा झालाय त्या गावच्या विद्यार्थ्याला तलाठ्याच्या नाहीतर तहसीलदाराच्या साध्या दाखल्यावर कुठल्याही कॉलेजात एक सेमिस्टर बसता येईल, कागदपत्रं सहा महिन्यांत दिली तरी चालतील, हजेरी दोन्हीकडची मिळून धरली जाईल. म्हणजे खिडकीवरचा माणूस म्हणणार नाही की माझ्या हातात काही नाही.

कॉटचा प्रश्न खरा आहे, पुण्यात हॉस्टेलला जागा नाहीत हे मलाही माहितीये. पण एका खोलीत तीन पोरी राहतात तिथं चौथी गादी टाकायला पोरी नाही म्हणत नाहीत, विचारून बघा. विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था 1955 पासून खेड्यातल्या मुलांना सांभाळतायत, त्यांचा सल्ला घ्या. कमवा आणि शिका योजना तर कर्मवीर भाऊरावांपासून आपल्या मातीतलीच आहे, आलेल्या पोरांना त्यात दोन-तीन तासाचं काम द्या, पोरं कष्टाला घाबरत नाहीत, त्यांना फुकट नकोच असतं.

आणि अजून एक गट आहे ज्याच्याकडे बघायचं राहून जातं, जी पोरं आधीच पुण्यात शिकतायत आणि ज्यांचं घर तिकडं बुडालं. ती विस्थापित दिसत नाहीत कारण ती वर्गात असतात. पण सोयाबीन गेलं की घरून पैसे येणं बंद होतं, मेसचं बिल थकतं, पोरगं एक वेळ जेवायला लागतं आणि डिसेंबरात बॅग भरून निघून जातं. आमच्या कॉलनीतल्या मेसवाल्या मावशी सांगत होत्या, नोव्हेंबरात त्यांची चार पोरं न सांगता यायची बंद झाली, एकाचा डबा त्या दोन दिवस भरून ठेवत होत्या. वर्गशिक्षकानं फक्त यादी काढून कोण कुठल्या तालुक्याचा आहे एवढं बघितलं तरी अशी पोरं सापडतील.

मुलींचं मात्र वेगळं लिहायलाच पाहिजे. मुलगा वर्ष वाया गेलं तर कंपनीत लागतो, पुढच्या वर्षी फॉर्म भरतो. मुलीचं वर्ष गेलं की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात, आणि आईबापाला मी वाईट म्हणत नाही, घर पडलंय, डोक्यावर कर्ज आहे, त्यांना वाटतं एक जबाबदारी तरी उरकू. सरकारनं 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची फी पूर्ण माफ केली, चांगलीच गोष्ट आहे, पण जी मुलगी फेब्रुवारीत बोहल्यावर चढली तिला ती माफी काय कामाची. आमच्या भाचीच्या घरी जानेवारीत दोन स्थळं येऊन गेली. मी बहिणीला हात जोडले, म्हटलं एक वर्ष मला दे. तिनं दिलंय.

तर ती पुढच्या महिन्यात पिंपरीला येतेय, आमच्या वरच्या खोलीत. दोन राहिलेल्या प्रॅक्टिकलसाठी कुणी लॅबमध्ये उभं करतंय का ते बघतोय. खोलीत दोन कॉट मावतात, दुसरी कॉट मी रिकामीच ठेवलीय, तिच्याच वर्गातली एक मैत्रीण आहे, तिच्या वडलांशी बोलणं चाललंय.

1993 च्या त्या अर्जाची माझ्याकडची प्रत अजून आहे, घडीवर फाटलीय पण शेरा स्पष्ट वाचता येतो. कॉलेजचं आणि प्राचार्यांचं नाव झाकून तिची झेरॉक्स पत्रासोबत जोडतोय. जागा असेल तर छापा. यंदा एखाद्या प्राचार्यांच्या टेबलावर असा अर्ज आलाच तर काय लिहायचं हे त्यांना वाचायला मिळेल.

आपला नियमित वाचक,
मूळ गाव औसा तालुका, सध्या पिंपरी